बॅटरीच्या उजेडात

आवाज होता.
बातम्यांमधली बाई नेहमीच्याच घाईत
धरणांची पातळी सांगत होती
आणि समोर बत्तीस इंची अंधार.
आमचे हे म्हणाले, गेला.
गेला म्हणजे काय, मी म्हटलं,
बोलतोय की अजून.

कंपनीचा मुलगा आला. बूट न काढता
दारातूनच रिमोट दोनदा दाबला
आणि पावतीवर लिहून गेला : पॅनल खराब. नऊ हजार.
येण्याचे अडीचशे वेगळे.

सव्वीस वर्षं मी इंदूरच्या टेलिफोन एक्स्चेंजात काढली.
खंडव्याचा व्यापारी, महूचा फौजी,
रात्री दोनला देवासहून रडणारी कुणी बाई,
एकाचंही तोंड कधी दिसलं नाही.
सगळ्यांना जोडून दिलं.

मी खोलीतले दिवे घालवले. बॅटरी आणली,
काचेला नाक लावून तिरकी धरली.
दिसली.
राखेतून दिसावी इतकी फिकट : बाईची टिकली,
मग कान, मग खांद्यामागे नकाशातली नर्मदा,
बॅटरी सरकेल तशी, वीतभर वीतभर.
अहो, इकडे या. चित्र आहे.
फक्त उजेड गेलाय.
हे चष्मा शोधून आले.
मला तर काहीच दिसत नाही, म्हणाले.
दिसेल कसं, बॅटरीच्या आड उभे होते.

प्लग काढून तासभर थांबले.
आतली वीज पाहुण्यासारखी असते,
उठते उठते म्हणते आणि बसून राहते.
मग खाली गादी, गादीवर सोलापुरी चादर,
तिच्यावर टीव्ही पालथा,
बाळाला तेल लावायला घेतात तसा.
बावीस स्क्रू, बर्फाच्या ट्रेमध्ये, खणाखणांत.
कुठला कुठचा, हे ह्यांनी लिहून ठेवायचं होतं.
त्यांनी लिहिलं : स्क्रू, बारीक.

काच उचलायला चार तळहात.
एवढी मोठी, आणि पापडाहून थोडीच जाड.
तीन म्हटल्यावर उचला, मी म्हटलं.
कपाट असो, गॅसची टाकी असो, हे दोनलाच उचलतात,
बेचाळीस वर्षं.
ह्या वेळी तीन म्हणेपर्यंत थांबले.
काच हवेत असताना मी त्यांच्याकडे बघितलं नाही,
हसू आलं असतं.

खाली दुधी कागद. त्याखाली तीन पट्ट्या,
एकेकीवर सहा भिंगं.
मधल्या पट्टीच्या चौथ्या दाण्यात
तिळाएवढा काळा ठिपका.
एवढंच. सगळे एका माळेत ओवलेले,
एक गेला म्हणून सतरांनी सुतक धरलेलं.

महाराणी रोडला हातिमभाईंनी पट्टी उन्हात धरली,
नखानं भिंग ठोकलं.
"तीनों बदलो आंटी, नी तो रंग नी मिलेगा."
मी एकच घेतली. दीडशे रुपये.
"बिठाएगा कौन?"
मैं.
त्यांनी पट्टी जरा जास्तच कागदात गुंडाळून दिली.

लागला.
पण हातिमभाई खरे निघाले. मधला पट्टा निळसर,
वर-खाली जुनं पिवळं ऊन
आणि अध्ये चांदण्याची ओढणी.
बाईचं नाक बरोबर त्यातच येतं.
हिला सर्दी झालीय, हे म्हणाले,
आणि आलं टाकून चहा केला, दोनच कप.

सकाळी कचऱ्याची गाडी गात गात आली.
जळकी पट्टी कोणत्या डब्यात टाकायची,
ह्यावर हे आणि गाडीवाला, गल्लीच्या मधोमध,
दोघंही सरकारी खात्यातल्यासारखे बोलत होते.

बर्फाचा ट्रे धुवायला घेतला
तर एक स्क्रू उरलेला. बारीक.
बडीशेपेच्या वाटीत टाकून दिला.

तेव्हापासून बातम्यांचं संगीत चढलं
की टीव्हीच्या पाठीत काहीतरी किणकिणतं,
डाव्या बाजूला, खालून दुसऱ्या भोकाशी.
काही वाजतंय का, हे विचारतात.
सव्वीस वर्षं कानांवर पगार घेतलेली मी,
म्हणते, छे.